नुसतं गुड

सर, तुमची फ्रेम काल माझ्याकडे आली. तुमच्यामागे एकट्या राहिलेल्या काकू उदगीरला लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या आहेत. उमरीचं घर रिकामं करून, मुद्दाम वाट वाकडी करून त्या लातूरला माझ्याकडे उतरल्या. गुडघे दुखतात तरी दोन जिने चढून आल्या. पाणीसुद्धा न पिता त्यांनी पिशवीतून जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "भांडीकुंडी वाटून टाकली, पुस्तकं शाळेला दिली. हे मात्र तुझ्याकडंच पायजे. लई जीव होता त्यांचा याच्यावर. रोज सोता पुसायचे, मला हात लावू द्यायचे न्हाईत." मी त्यांच्यासमोर साडी सोडली नाही. आत काय आहे ते मला माहीत होतं. आपल्या संस्थेचा एक छापील कागद, आणि त्याच्या तळाशी शाईनं लिहिलेला एकच इंग्रजी शब्द, गुड. तो शब्द कुणी लिहिला हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणणंसुद्धा लबाडीचंच आहे. मी सांगितलं नाही.

तो शब्द मी तुमच्याकडूनच शिकले. आठवीचा पहिला दिवस, आम्ही सगळी खेड्यांवरून चालत आलेली पोरं, पाय धुळीनं भरलेले. तुम्ही वर्गात आलात आणि आम्ही सातवीपर्यंत घोकलेलं 'गुड मॉर्निंग सऽर' एका सुरात म्हटलं. तुम्ही बसा म्हणाला नाहीत. खडू हातात घेऊन तसेच उभे. "कामून गुड हाय आजची सकाळ? सांगा एकेकानं." आम्हाला वाटलं हा इंग्रजीचा प्रश्न आहे आणि याचं उत्तर गाईडमध्ये असणार. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, आमची म्हैस व्याली सर. तुम्ही इतके खूश झालात की तिला एकटीलाच बसा म्हणालात. तेव्हापासून रोज एकानं उठून आजची सकाळ चांगली का आहे ते सांगायचं आणि ज्याला कारण सापडत नसेल त्यानं नुसतं 'मॉर्निंग सर' म्हणायचं. मी पुष्कळ दिवस नुसतं मॉर्निंग म्हणत होते. एकदा म्हणाले, आज आईला कामावर जायचं नाही, ती घरी आहे. तुम्ही मान हलवून बसायची खूण केलीत. मला आजही त्या मान हलवण्याचं अप्रूप वाटतं.

शनिवारचा शेवटचा तास तुमचा स्वतःचा होता, तो कुठल्या अभ्यासक्रमात नव्हता. प्रत्येकानं घरून एक वस्तू आणायची आणि ती गुड आहे की नाही ते वर्गाला पटवून द्यायचं. हातात घेतल्याशिवाय विशेषण लावायचं नाही, हा तुमचा कायदा. दोर आणला तर तो ओढून बघायचा, चाळणी आणली तर तिच्यातून पीठ चाळायचं. एकानं कोंबडी आणली तेव्हा मुख्याध्यापकांनी तुम्हाला ऑफिसात बोलावून घेतलं होतं. फळ्यावर तुम्ही तीन ओळी कायमच्या लिहून ठेवल्या होत्या, पुसायला मनाई होती. गुड ॲट म्हणजे हातातलं कसब. गुड फॉर म्हणजे उपयोग. गुड टू म्हणजे दुसऱ्याशी वागणं. "पयले दोन परीक्षेत येतात," तुम्ही म्हणायचात, "तिसरं कुणी विचारत न्हाई, म्हणून ते मी इचारतो." आणि 'व्हेरी'चा तुम्हाला मनापासून राग. निबंधात कुणी व्हेरी गुड लिहिलं की पहिल्या शब्दावर लाल रेघ. व्हेरी म्हणजे वरणात ओतलेलं पाणी, भांडं भरतं पण चव जाते, असं तुमचं म्हणणं. तुमच्या हातून कुणाला व्हेरी गुड मिळाल्याचं मी तीन वर्षांत पाहिलं नाही. गुड मात्र मिळायचं, आणि ते मिळालेला दिवस आम्ही घरी जाऊन सांगायचो.

माझी पाळी आली त्या शनिवारी मी पितळेचा तांब्या आणला. आमच्या घरी पितळेचं काही नव्हतं. शेजारच्या घरातून मागून आणला, चिंचेनं घासून लखलखीत केला आणि वर्गात आमचा म्हणून ठेवला. तुम्ही तो उचललात, फिरवून बघितलात, विचारलंत, "कशासाठी गुड?" मी म्हणाले, पाणी प्यायला. "किती वर्सं पिऊन राहिलीस याच्यात पाणी?" तुम्ही वर्गात आणखी काही विचारलं नाही. तास सुटल्यावर मला थांबवलंत आणि हळू आवाजात, म्हणजे तुम्ही खरोखर रागावलात की जो आवाज लागायचा त्यात म्हणालात, "आई काय घेऊन जाती कामाला?" मी म्हणाले, खुरपं. "मग ते कामून न्हाई आणलं?" मला रडू आलं. तुम्ही रडू दिलंत आणि मग म्हणालात, "जे आपलं हाय त्याला चार लोकांत गुड म्हणायची तुला लाज वाटली. ही लाज लई वाईट असती बाई. आज तांब्या आणवला तिनं, उद्या काय करवील सांगता यायचं न्हाई." तुम्ही तेव्हा उगाच बोलून गेला असाल. मी तेरा वर्षांची होते.

पुढच्या शनिवारी खुरपं आणलं. आईनं एका दिवसासाठी दुसरीकडून उसनं खुरपं घेतलं आणि आपलं मला दिलं. तुम्ही पात्यावरून अंगठा फिरवलात, मूठ धरून बघितलीत. मूठ आईच्या हातानं झिजून एका बाजूला खोलगट झाली होती, तुमचा हात तिच्यात बसेना. वर्गाला ते दाखवून म्हणालात, हे दुसऱ्या कुणाच्या हातात चालणार नाही, एवढं हे एका माणसाचं झालं आहे. आणि फळ्यावर लिहिलंत, अ गुड खुरपं. घरी सांगितल्यावर आईला हसू आवरेना. "माझ्या खुरप्याला इंग्रजीत घेतलं म्हण की सरानं," ती आठवडाभर शेतावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

मग मी तुमच्या घरी येऊ लागले. माझं अक्षर वाईट होतं, विशेषतः मोठा जी. तो सहाच्या आकड्यासारखा दिसायचा. तुम्ही मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसवून पान पान जी काढायला लावलंत. तुमचा जी वेगळाच होता, शेवटी खाली उतरून डावीकडे वळणारी एक बारीक शेपटी. ती माझ्या बोटांत बसायला अख्खा पावसाळा गेला. काकू समोर चुलीपाशी. त्या धपाटे थापायच्या, पहिला धपाटा मला द्यायच्या आणि तुम्हाला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "खा माय. तुझ्या सराला दहा वर्सं करून घालून राहिले, अजून गुड म्हणाले न्हाईत." तुम्ही बाहेरून ओरडायचात, "म्हणालो होतो एकदा, मोठ्या पोराच्या बारशाला." "ते वरणाला म्हणाले होते!" काकू म्हणायच्या. मी हसून शेपटी चुकवायचे आणि परत काढायचे.

तुमच्यामुळे शिकले, तुमच्याच संस्थेत शिक्षिका झाले आणि पुढे लातूरला संस्थेच्या मुख्य कार्यालयात तपासणीच्या खात्यात आले. सगळ्या शाखांमधून फिरायचं, तास बघायचे आणि प्रत्येक शिक्षकाचा गोपनीय अहवाल भरायचा. फॉर्म इंग्रजी, जुन्या सचिवांच्या हौसेचा. शेवटच्या चौकटीत सगळ्या माणसाचा निकाल एका विशेषणात लावायचा. तिथं मी तो शब्द नव्यानं शिकले, सर. कार्यालयात गुड म्हणजे काही नाही. ॲव्हरेज लिहिलं तर तक्रारी होतात, पुअर लिहिलं तर मोर्चा येतो, म्हणून ज्याच्याबद्दल चांगलं बोलायचं नाही त्याला गुड. मुख्याध्यापकाच्या यादीत नाव यायचं तर व्हेरी गुडच पाहिजे. हे परिपत्रक आमच्या कपाटात होतं, शाखांना ते कधी पाठवलं नव्हतं. शिक्षकाला अहवालाची प्रत मिळायची, खाली फक्त संस्थेचा शिक्का, भरणाऱ्याचं नाव नसायचं. शेरा मान्य नसेल तर पंधरा दिवसांत अर्ज करता यायचा. तेही त्याच परिपत्रकात.

त्या वर्षी मुदखेडच्या शाखेतली मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार होती आणि तुमच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. तुम्हाला ती जागा कशासाठी हवी होती ते मला ठाऊक होतं. उमरीला नवे मुख्याध्यापक आल्यावर तुमचा शनिवारचा तास बंद झाला होता, त्या तासाला सराव पेपर सोडवायचे असा हुकूम. फळ्यावरच्या तीन ओळीही पुसल्या गेल्या होत्या. तुम्ही मला म्हणाला होतात, "खुर्ची नको मला. पण त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला शनिवारचं कुणी विचारत न्हाई. दोन वर्सं भेटली तरी बास." आणि मी उमरीला तपासणीला आले. तुमच्या तासाला मागच्या बाकावर बसले. तुम्ही एक थकत चाललेला माणूस, तरी पोरं तुमच्याकडे डोळे लावून बसलेली. मी वहीत काही लिहिलंच नाही, ऐकत राहिले.

संध्याकाळच्या गाडीत माझ्याबरोबर तपासणीला आलेले सहकारी होते. वाईट माणूस नव्हे, नेहमी हसतमुख. म्हणाले, "मॅडम, ते इंग्रजीवाले तुमचे गुरू ना? आणि तुमच्यातलेच ना? मग काय, व्हेरी गुडच द्या, आम्ही कोण विचारणार." एवढंच. सहज म्हणाले असतील. पण तुम्हाला माहीत आहे, आपल्या माणसांना हे वाक्य सहज ऐकता येत नाही. वीस वर्षं मी जे काही मिळवलं ते कुणी दिलेलं नाही, कमावलेलं आहे, हे सिद्ध करण्यात घालवली होती. दुसऱ्या दिवशी लातूरला बसून मी आठ फॉर्म भरले. सात जणांना व्हेरी गुड दिलं. त्यात तासाला खुर्चीत पेंगणारा एक होता आणि पाठ्यपुस्तक न उघडता गाईड वाचून दाखवणारा एक. आठव्या फॉर्मवर पेन बराच वेळ धरून ठेवलं. मग लिहिलं, गुड. स्वतःला समजावलं की हा तुमचाच शब्द, तुमच्याच अर्थानं दिला, तुम्ही व्हेरीच्या विरुद्धच होतात की. इतकं सोयीचं कारण मला आयुष्यात दुसरं सापडलं नाही. खरं कारण तांब्याचंच होतं. चार लोकांत आपल्याला आपलं म्हणायची लाज.

प्रत मिळाल्यावर अकराव्या दिवशी तुम्ही आलात. उमरीहून नांदेडपर्यंत रेल्वेनं, तिथून एसटीनं, उन्हाचे. हातात काकूंनी दिलेला डबा. मी तुम्हाला दारात बघितलं. वाटलं, कळलं यांना, जाब विचारायला आले. तुम्ही खुर्चीत टेकलात, घाम पुसलात आणि खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर पसरलात. चेहरा असा उजळलेला की मी तो फक्त म्हैस व्याली त्या दिवशी बघितला होता. "बघ," म्हणालात, "एवढ्या वर्सांत पयल्यांदा मला कुणीतरी गुड दिलं. आधीचे सगळे साहेब व्हेरी गुड लिहून मोकळे. तास न बघता. याला मात्र शब्दाची कदर हाय. तोलून लिहिलंय." मी विचारलं, कुणी भरलाय ते कळलं का? तुम्ही हसलात. "नाव कुठं हाय? पण ज्यानं कुणी लिहिलं त्याला सांग, म्हातारा खूश झाला म्हणून."

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरे होतं, सर, या शब्दानं तुमचं नाव यादीतून जातंय, अर्ज करा. कोरा कागद माझ्या टेबलावर होता. अर्ज मीच लिहून दिला असता, तुम्ही सही केली असती, आणि आधीच्या सगळ्या वर्षांचे शेरे बघता सचिवांनी तो बदललाही असता. पण बदलताना त्यांनी विचारलं असतं, हा आधी कुणी भरला आणि का. मग मला उत्तर द्यावं लागलं असतं, तुमच्यासमोर. मी शिपायाला हाक मारली आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत काकूंचे गुडघे, आईची तब्येत, यंदाची तूर. तुम्ही मधेच विचारलंत, "मुदखेडच्या जागेचं काही कानावर?" मी म्हणाले, अजून काही नाही सर. तुम्ही म्हणालात, "बघू. शनिवारसाठी पंचवीस वस्तूंची यादी करून ठेवली मी."

मुदखेडला त्या पेंगणाऱ्याची नेमणूक झाली. तुम्ही उमरीहूनच निवृत्त झालात. मला फोन करून म्हणालात, त्यांना माझ्यापेक्षा बरा माणूस भेटला असेल. आवाजात काही नव्हतं, मी फार कान देऊन ऐकलं. त्यानंतर मी उमरीला येणं कमी केलं. कामं असतातच, कारणांना तोटा नसतो. चार वर्षांनी तुम्ही गेलात. तुमच्याच घरी भरलेल्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं आणि मी उभी राहून काय काय म्हणाले! अत्यंत थोर, अत्यंत आदर्श, अतिशय उत्तम. जे पाणी तुम्ही जन्मभर वरणात पडू दिलं नाहीत ते मी हंड्यानं ओतलं. आता कुणाला वशिला वाटणार नव्हता ना. काकू पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर, बुद्धाच्या मूर्तीशेजारी, ही फ्रेम होती. मी लांबून ओळखली आणि मान दुसरीकडे वळवली.

आज सकाळी साडी सोडून ती पहिल्यांदा जवळून बघितली. काच स्वच्छ आहे. कागदाच्या घड्या अजून दिसतात. आणि तळाशी तो शब्द. सर, त्यातला जी. खाली उतरून डावीकडे वळलेली बारीक शेपटी. फॉर्म भरताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं, हाताला दुसरा जी येतच नाही. एक अख्खा पावसाळा तुम्ही ती शेपटी तपासली होती, तुम्हाला कुणाचं अक्षर हे कळलं नसेल असं मी एवढी वर्षं कशी धरून चालले? तुम्ही साहेबाला निरोप द्यायला आलाच नव्हतात. मला सांगायला आला होतात, माझ्या हातचं गुड मिळालं म्हणून. माझं नाव घेतलं नाहीत, कारण अहवाल गोपनीय असतो आणि तुम्ही नियमाचे पक्के. एवढ्यासाठी उन्हातून दिवसभराचा प्रवास केलात. तुम्हाला वाटलं, मी शिकले.

नेमणुकीची यादी लागल्यावर तुम्हाला काय वाटलं, ते विचारायला आता जागा नाही. कळलं असेल का, की कार्यालयात त्या शब्दाची काय किंमत होती? नसेल कळलं तर मी तुम्हाला फसवलं. कळलं असेल, तर त्यानंतरही तुम्ही ही फ्रेम भिंतीवर ठेवलीत आणि रोज पुसलीत, आणि ते मला अजिबात सोसत नाही. काकूंना खरं सांगायचं तर उदगीर काही लांब नाही. पण त्या माझ्याकडे बघून काल म्हणाल्या, "तूच त्यांची खरी विद्यार्थिनी." त्यांच्या हातून हेही काढून घेऊ का? का हेही पुन्हा माझ्याच सोयीचं कारण आहे? फ्रेम भिंतीवर लावायची माझी हिंमत नाही आणि कपाटात ठेवायची तर अजिबात नाही. ती टेबलावर आहे, हा कागद तिच्यावरच ठेवून लिहिते आहे.

एक राहिलं, सर. त्या दिवशी तुम्ही चहा संपवून उठलात, एसटीची वेळ झाली म्हणालात. मी जिन्यापर्यंत सोडायला आले. अर्जाच्या मुदतीचे चार दिवस उरले होते, ते मी मनात मोजले होते. तुम्ही शेवटच्या पायरीवरून हात केलात आणि फाटकातून बाहेर पडलात तेव्हा मला वाईट वाटलं नाही. हायसं वाटलं. मग टेबलाशी येऊन मी काकूंचा डबा उघडला. तीन धपाटे होते, वर शेंगदाण्याची चटणी. मला भूक लागली होती. तिन्ही खाल्ले.